अतिचंचल मूल आणि त्याचें घर

‘कळतें पण वळत नाहीं’ असें ज्याच्याविषयीं म्हटलें जातें, त्याला दोष देण्याच्या हेतूनेंच बहुधा तें म्हटलें जातें. ज्याला कळत नाहीं तो अजाण. त्याला क्षमा असते. ज्याला कळूनहि वळत नाहीं तो मात्र हट्टी, आळशी किंवा उद्धट ठरतो. परंतु या उक्तीचा दुसराहि एक अर्थ संभवतो. कळणें आणि वळणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत, आणि एखाद्या मुलांत पहिल्या कामाची शक्ति उत्तम असूनहि दुसऱ्याची अपुरी असूं शकते. अशा मुलाच्या स्थितीला वैद्यकशास्त्रांत आज जें नांव आहे तें इंग्रजी आद्याक्षरांनीं ‘ए. डी. एच. डी.’ असें उच्चारलें जातें. मराठींत तिला अवधानन्यूनता व अतिचंचलता असें म्हणतां येईल. नांव अवघड असलें तरी ज्या घरांत असें मूल आहे त्या घराला त्याचें वर्णन नवें वाटणार नाहीं.

आठ वर्षांचा एखादा मुलगा घ्यावा. सकाळीं साडेसहाला त्याला उठविण्यांत येतें. दांत घासावयास जातांना वाटेंत त्याला मांजर दिसतें; पाव तासानें आई येऊन पाहते तों ब्रश कोरडा आणि चिरंजीव मांजरासह खाटेखालीं. पुढें एक मोजा पायांत व दुसरा हातांत अशा स्थितींत तो खिडकीपाशीं उभा राहतो. दुधाचा पेला सांडतो. शाळेची गाडी कोपऱ्यावर येते तेव्हां डबा स्वयंपाकघरांतील ओट्यावरच असतो. वर्गांत बाईंचा प्रश्न पुरा होण्यापूर्वींच तो उत्तर देऊन मोकळा होतो, आणि तें उत्तर पुष्कळदां बरोबरहि असतें. परंतु तेंच वहींत लिहावयास सांगितलें कीं अर्ध्या वाक्यावर पेन्सिल थांबते आणि दृष्टि पंख्याकडे जाते. घरीं येतांना खोडरबर, पाण्याची बाटली, एका पायाचा मोजा यांपैकीं एखादी वस्तु मागें राहिलेली असतेच. रात्रीं निजतांना हाच मुलगा आईच्या गळ्यांत पडून ‘उद्यां मी शहाण्यासारखा वागेन’ असें वचन देतो. तें वचन खोटें नसतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मांजर पुन्हां दिसतें.

अर्थात् प्रत्येक खोडकर मूल या सदरांत घालणें हा मोठा अन्याय होईल. मूल म्हटलें कीं तें धांवणार, पडणार, विसरणार. अमेरिकेंतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघाची जी निदानसंहिता जगभर वापरली जाते, तिची पांचवी आवृत्ति २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यांत अवधानाच्या उणिवेचीं नऊ आणि चंचलता व उतावळेपणा यांचीं नऊ अशीं लक्षणें दिलेलीं आहेत. दोहोंपैकीं एका गटांतील किमान सहा लक्षणें त्या वयाच्या मानानें अधिक प्रमाणांत, सहा महिने तरी टिकलेलीं, बाराव्या वर्षापूर्वीं दिसूं लागलेलीं, आणि घर व शाळा यांसारख्या दोन ठिकाणीं आढळणारीं असावीं लागतात. शिवाय त्यांमुळें मुलाच्या शिकण्यांत किंवा चारचौघांत वागण्यांत प्रत्यक्ष अडथळा येत असला पाहिजे. जो मुलगा एकाच शिक्षकाच्या तासाला दंगा करतो व इतरत्र शांत असतो, त्याच्या बाबतींत विकार मुलांत नसून तासांत असण्याचा संभव अधिक!

वयाचा प्रश्नहि येथें महत्त्वाचा आहे. कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत ९ लक्षांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१२ सालीं एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तेथें शाळाप्रवेशाची वयोमर्यादा ३१ डिसेंबरला संपते. त्यामुळें डिसेंबरांत जन्मलेलें मूल वर्गांत सर्वांत लहान असतें. असे मुलगे जानेवारींत जन्मलेल्या आपल्या वर्गबंधूंपेक्षां शेंकडा ३० नीं अधिक प्रमाणांत अतिचंचल ठरविले गेले होते, आणि मुलींत हें अंतर शेंकडा ७० होतें. म्हणजे जें केवळ कोंवळें वय होतें त्यालाच कित्येकदां विकार समजण्यांत आलें. मुलाला शक्य तितक्या लौकर पहिलींत बसविण्याची घाई ज्यांना असते त्यांनीं हे आंकडे डोळ्यांपुढें ठेवावे. उलटपक्षीं खरोखरच विकार असलेलीं मुलें थोडीं नाहींत. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून २००७ सालीं जो अंदाज करण्यांत आला, त्याप्रमाणें शंभर मुलांत सुमारें पांच मुलांना हा त्रास असतो. पन्नास मुलांच्या वर्गांत दोन किंवा तीन; जुन्या शिक्षकांना त्यांच्या जागाहि आठवतील, कारण तीं बहुधा शिक्षकाच्या टेबलाजवळ किंवा दाराबाहेर असत.

हें निदान रक्ताच्या तपासणीनें किंवा मेंदूच्या छायाचित्रानें होत नाहीं. मुलांच्या मनोविकारांचा तज्ज्ञ किंवा या विषयाचा अनुभव असलेला बालरोगतज्ज्ञ आईबापांची व शिक्षकांची हकीकत ऐकून, मुलाला पाहून, इतर कारणें वगळून तें ठरवितो. ऐकूं कमी येणें, दृष्टिदोष, अपुरी झोंप, थायरॉइड ग्रंथीचा विकार, ज्यांत मूल कांहीं सेकंद शून्यांत पाहत राहतें असा फेफऱ्याचा सौम्य प्रकार, घरांतील कलहाची भीति — यांपैकीं कशामुळेंहि मूल बेध्यान दिसूं शकतें. वाचनलेखनाची जन्मजात अडचण पुष्कळदां या विकाराच्या जोडीला असते. तिची परीक्षा स्वतंत्रपणें करून घ्यावी लागते.

एक वर्ग असा आहे कीं तो बहुधा नजरेंतूनच सुटतो, तो मुलींचा. जी मुलगी धांवत नाहीं, ओरडत नाहीं, केवळ मागच्या बाकावर बसून आपल्याच विचारांत हरवलेली असते, तिच्याविषयीं शाळेंतून तक्रार येत नाहीं. ‘वेंधळी आहे’ एवढ्यावर भागतें. तिचें अवधान मुलाइतकेंच अपुरें असूं शकतें. परंतु तिच्यापासून कोणाला उपद्रव नसल्यामुळें तिची दादहि कोणी घेत नाहीं. पुढें आठवी-नववींत अभ्यासाचा पसारा वाढला म्हणजे हुशार समजली जाणारी ही मुलगी एकाएकीं कां मागें पडली, याचें घरांत आश्चर्य होतें.

हा विकार मोबाइलच्या युगाबरोबर आला असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाहीं. १९०२ सालच्या मार्च महिन्यांत लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्यें जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या बालरोगतज्ज्ञानें व्याख्यानें दिलीं, आणि त्यांत आपण पाहिलेल्या ४३ मुलांची हकीकत सांगितली. त्यांपैकीं कांहींची बुद्धि चांगली होती, कांहींच्या संगोपनांतहि दोष काढण्यासारखें कांहीं नव्हतें. तरी हवें तें तत्काळ मिळविण्याची त्यांची ओढ अनावर असे, लक्ष टिकत नसे, आणि शिक्षा झाल्यावर थोड्याच तासांत तोच अपराध पुन्हां घडे. स्टिलनें याला नैतिक नियंत्रणाचा दोष असें नांव दिलें. तें नांव आज कोणी वापरीत नाहीं, आणि तें गेलें हें बरेंच झालें. परंतु शिक्षा कळूनहि या मुलांवर तिचा परिणाम टिकत नाहीं, हें त्याचें निरीक्षण सव्वाशें वर्षांनंतरहि जसेंच्या तसें खरें आहे.

याचें कारण मेंदूच्या वाढींत शोधावें लागतें. मनांत आलेली ऊर्मि क्षणभर थोपविणें, सांगितलेली गोष्ट काम पुरें होईपर्यंत ध्यानांत धरून ठेवणें, पुढें होणाऱ्या फळासाठीं आतांचा मोह टाळणें, हीं कामें मुख्यतः कपाळामागच्या भागाचीं आहेत. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ या संस्थेंतील संशोधकांनीं शेंकडों मुलांच्या मेंदूचीं चित्रें वर्षानुवर्षें घेऊन २००७ सालीं त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. मेंदूच्या वरच्या थराची जाडी इतर मुलांत सुमारें साडेसाताव्या वर्षीं पूर्णतेस येते; या मुलांत तीच गोष्ट सुमारें साडेदहाव्या वर्षीं घडते. कपाळामागच्या भागांत हा उशीर विशेष आढळला. मौज अशी कीं, हातापायांच्या हालचालींचा भाग मात्र त्यांच्यांत किंचित् लौकरच तयार होतो. बैल आधीं जुंपले जावे आणि गाडीवान मागाहून यावा, तसा हा प्रकार आहे. दहा वर्षांच्या अशा मुलाकडून सात वर्षांच्या मुलाइतक्याच संयमाची अपेक्षा धरावी, असें जें अनुभवी तज्ज्ञ सांगतात त्यांत म्हणूनच तथ्य आहे. बुद्धीनें तो दहाचाच असतो, आणि सारा घोंटाळा तेथेंच होतो. कारण त्याचें बोलणें ऐकून कोणीहि त्याच्याकडून दहाव्या वर्षाची शिस्त मागतो.

विकाराचें मूळ बहुतांशीं आनुवंशिक आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून मुलामुलांतील या बाबतींतल्या फरकाचा शेंकडा ७० ते ८० भाग आनुवंशिकतेनें येतो असें दिसतें. अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जन्मतः फार कमी वजन यांनींहि धोका वाढतो. आईच्या लाडानें, बापाच्या दुर्लक्षानें किंवा गोड खाण्यानें हा विकार होत नाहीं. साखरेविषयींचा समज विशेष दृढ असल्यामुळें १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. साखर खाल्ली कीं आपला मुलगा अनावर होतो अशी ज्यांची खात्री होती अशा आया व त्यांचे पांच ते सात वर्षांचे मुलगे निवडण्यांत आले. सर्व मुलांना कृत्रिम गोडीचें, साखरेचा कणहि नसलेलें पेय दिलें. परंतु निम्म्या आयांना सांगितलें कीं मुलाला भरपूर साखर दिली आहे. त्या आयांना आपला मुलगा अधिक चंचल झालेला दिसला. एवढेंच नव्हे, तर त्या मुलाच्या अधिक जवळ राहिल्या, त्याच्यावर अधिक टीका करूं लागल्या, त्याच्याकडे एकसारख्या पाहूं लागल्या. मुलगा बदललाच नव्हता. बदलली होती ती पाहणाऱ्याची दृष्टि. घरांत ज्याच्यावर ‘द्वाड’ हा शिक्का एकदां बसला त्याच्या वांट्याला रोज काय येत असेल, याची कल्पना या प्रयोगावरून यावी.

या ठिकाणीं घरांतील वडील मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. याला लक्ष देतां येत नाहीं म्हणतां, मग मोबाइलवरचा खेळ घेऊन दोन तास कसा बसतो? प्रश्न योग्य आहे आणि त्याचें उत्तरहि आहे. त्या खेळांत दर दोन सेकंदांनीं कांहीं तरी घडतें आणि प्रत्येक कृतीचें फळ तेथल्या तेथें मिळतें. लक्ष मुलानें द्यावें लागत नाहीं, खेळच तें खेंचून घेतो. गणिताच्या वहींत तसें नाहीं. तेथें लक्ष स्वतःच्या बळावर लावावें लागतें, आणि फळ मिळणार तें महिन्यांनंतरच्या परीक्षेंत. या मुलाला लक्ष नसतें असें नव्हे, तर तें हवें तेथें व हवें तितका वेळ लावण्याची सत्ता त्याच्या हातीं नसते. ‘पुढच्या महिन्यांत’, ‘रविवारीं’, ‘मोठा झालास म्हणजे’ हे शब्द त्याच्यापर्यंत पोहोंचतच नाहींत. त्याच्या पंचांगांत दोनच मुहूर्त : आतां, आणि आतां नाहीं.

एवढें ध्यानांत आलें म्हणजे उपदेश कां फुकट जातो तें स्पष्ट होतें. उपदेश हा कळण्यासाठीं असतो, आणि या मुलाला तें कळलेलेंच असतें. मोजा आधीं घालावा व मांजर मागाहून पाहावें, हें विचारलें तर तो बिनचूक सांगेल. अडचण येते ती मोजा हातांत असतांना. म्हणून जो आधार द्यावयाचा तो त्या जागीं आणि त्या क्षणीं दिला पाहिजे. रात्रीं जेवतांना केलेलें अर्ध्या तासाचें प्रवचन सकाळच्या मोज्याला उपयोगीं पडत नाहीं.

हा आधार अगदीं साध्या वस्तूंचा असूं शकतो. दांत, अंघोळ, कपडे, दूध, डबा, दप्तर अशीं सहा चित्रें क्रमानें काढलेला कागद आरशाशेजारीं, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावा. प्रत्येक काम झालें कीं त्यानें तेथें खूण करावी. हा कागद त्याला कपाटांत ठेवून दिला तर तो नसल्यासारखाच आहे. दप्तर, बूट, टोपी यांना दाराजवळ एकच ठराविक टोपली असावी, आणि दप्तर रात्रींच भरून तींत ठेवावें. वेळ डोळ्यांना दिसेल असा करावा. ‘दहा मिनिटांत आटप’ याला त्याच्या दृष्टीनें कांहीं अर्थ नाहीं. परंतु वाळूचें घड्याळ समोर उलटें केलें किंवा गजर लावून दिला म्हणजे त्या दहा मिनिटांना रूप येतें.

बोलण्याची रीतहि बदलावी लागते, आणि हें काम आईबापांना सर्वांत कठीण जातें. स्वयंपाकघरांतून दिवाणखान्यांत फेंकलेली हांक भिंतीवर आपटून परत येते. मुलाजवळ जावें, त्याचें नांव घ्यावें, खांद्यावर हात ठेवावा, त्यानें वर पाहिल्यावर एकच काम चार-पांच शब्दांत सांगावें आणि तें होईपर्यंत तेथून हलूं नये. ‘दप्तर भर, मग हात धू, आणि आजीला विचार चहा घेणार का, आणि हो, ती वही कोठें टाकलीस?’ या वाक्यांतील शेवटचा प्रश्न तेवढा त्याच्या कानांत राहतो. ‘दप्तर आवरायचें ना?’ असें विचारूंहि नये. तो प्रश्न आहे, आणि त्याचें प्रामाणिक उत्तर ‘नाहीं’ असें आहे.

शाबासकीचा नियम तोच. ती तत्काळ, वारंवार आणि नेमक्या गोष्टीसाठीं हवी. ‘चांगला मुलगा आहेस’ यापेक्षां ‘हांक मारल्याबरोबर आलास, छान केलेंस’ हें त्याला उमजतें. लहान मुलासाठीं चिंचोक्यांची बरणी हा उत्तम उपाय आहे. ठरलेलीं तीन-चार कामें निवडावीं. प्रत्येक काम झाल्याबरोबर एक चिंचोका त्याच्या हातानें बरणींत पडावा, आणि संध्याकाळीं त्याच दिवशीं त्या चिंचोक्यांच्या बदल्यांत त्याच्या आवडीचें कांहीं तरी मिळावें : बाबांबरोबर पत्त्यांचा एक डाव, अर्धा तास सायकल, झोंपतांना एक जास्त गोष्ट. पैशाची किंवा खाऊची गरज नाहीं. दोन-तीन आठवड्यांनीं त्याचें मन उडूं लागतें. उपाय फसला असें समजून तो टाकूं नये, बक्षिसें बदलावीं. कांहीं आजोबांना ही लांच वाटते. परंतु वर्षअखेरच्या निकालाच्या आशेनें अभ्यास करणारा मुलगाहि बक्षिसासाठींच झटत असतो. फरक इतकाच कीं त्याला दहा महिने थांबतां येतें आणि याला दहा मिनिटांपलीकडे थांबतां येत नाहीं.

अभ्यासाचे दहा-दहा किंवा पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडावे व मध्यें उठून पाणी आणणें, जिन्यावरून एकदां खालींवर जाणें असें कांहीं असावें. टेबलावर एकच पुस्तक असावें. पाढे म्हणतांना तो खोलींत फेऱ्या मारीत असेल तर मारूं द्यावें. पाय हलल्यानें पाढा बिघडत नाहीं, आणि कांहीं मुलांचा तर पाय हलला तरच पाढा चालतो. शाळेशीं बोलून त्याची जागा पुढें, खिडकीपासून दूर, शांत मुलाशेजारीं करून घ्यावी. खडू आणणें, वह्या वांटणें अशीं उठण्याचीं कामें त्याला मुद्दाम द्यावीं अशी विनंति करावी. एका लहानशा कार्डावर दोन-तीनच गोष्टींची रोजची नोंद शिक्षकांनीं करून पाठविली आणि तिचें फळ घरीं त्याच दिवशीं मिळालें, तर घर व शाळा हीं एका दोरीनें बांधलीं जातात. मोठ्या वर्गांच्या शाळांतून शिक्षकांना फुरसत कमी असते हें खरें, परंतु तीन खुणांना अर्धें मिनिट लागतें.

शिक्षेवांचून चालेल असें नाहीं. परंतु ती लहान, ठरलेली आणि लगेच व्हावी. वयाच्या वर्षाला एक मिनिट या मानानें त्याला खेळापासून दूर, एका जागीं बसविणें पुरें होतें. शुक्रवारच्या अपराधासाठीं रविवारची सहल रद्द केली तर रविवारीं त्याला अपमान तेवढा जाणवतो, अपराधाशीं त्याचा संबंध लागत नाहीं. मारण्यानें तर उलटेंच होतें. मार देणारा दमतो, मूल घाबरतें किंवा निबर होतें, आणि थोपविण्याची जी शक्ति त्याच्यांत मुळांतच कमी आहे ती छडीनें वाढत नाहीं. छडीनें वर्ग शांत झाल्याचे दाखले पुष्कळ सांगितले जातात. ज्यांनीं छडीमुळें शाळाच सोडली त्यांचे दाखले सांगावयास शाळेंत कोणी उरत नाहीं.

घरांत माणसें अनेक असलीं म्हणजे आणखी एक पेंच उद्भवतो. आई नियम करते, आजी तो कनवाळूपणानें मोडते, आणि संध्याकाळीं आलेले बाबा दोघींवर व मुलावर एकदमच रागावतात. तीन माणसांचे तीन कायदे सांभाळणें शहाण्या मुलालाहि जड. मग याची काय कथा? नियम थोडे असावे, परंतु ते सर्वांचे असावे. आणि या घरांतील आईविषयीं एक शब्द बोलणें अवश्य आहे. लग्नकार्यांत, वाढदिवसाला, आगगाडींत मुलानें धिंगाणा घातला कीं सर्वांच्या नजरा तिच्याकडे वळतात; ‘वळण नाहीं’ हा शेरा मुलावर नसून तिच्यावर असतो. विकाराचें मूळ संगोपनांत नाहीं हें वर आलेंच आहे. दिवसांतून एक तास तरी मूल दुसऱ्या कोणाच्या स्वाधीन करून तिला मोकळीक देणें, हा उपचाराचाच भाग समजला पाहिजे. थकलेल्या माणसाकडून शांत आवाजांत चार शब्दांचें वाक्य निघत नाहीं.

आतां औषधाचा प्रश्न. त्याचा इतिहास योगायोगानें भरलेला आहे. १९३७ सालीं अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड राज्यांत चार्ल्स ब्रॅडले हा डॉक्टर मुलांच्या एका मनोरुग्णालयांत काम करीत होता. मेंदूच्या एका तपासणीनंतर मुलांचें डोकें फार दुखे, म्हणून त्यानें बेंझेड्रिन हें उत्तेजक औषध देऊन पाहिलें. डोकेदुखीवर त्याचा विशेष उपयोग झाला नाहीं, परंतु मुलें वर्गांत निमूट बसून अभ्यास करूं लागलीं. मग त्यानें तीस मुलांवर तें पद्धतशीर वापरून पाहिलें, आणि त्यांपैकीं चौदा मुलांच्या अभ्यासांत ठळक सुधारणा झाली. मुलांनीं त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या असें नांव ठेविलें होतें म्हणतात. उत्तेजकानें चंचल मूल शांत व्हावें हें विपरीत वाटतें. परंतु उत्तेजन मिळतें तें लगाम धरणाऱ्या भागाला, असें मानलें म्हणजे कोडें सुटतें. आज सर्वांत अधिक वापरलें जाणारें मेथिलफेनिडेट हें औषध १९४४ सालीं स्वित्झर्लंडमधील बाझल येथें सीबा कंपनींतील लेआंद्रो पानिझॉन या रसायनज्ञानें तयार केलें. त्याचें रिटालिन हें प्रसिद्ध नांव त्याच्या पत्नीच्या रिटा या लाडक्या नांवावरून पडलेलें आहे.

या औषधाच्या साध्या गोळीचा परिणाम तीन-चार तास टिकतो; दीर्घकाळ टिकणारे प्रकारहि आहेत. भूक मंदावणें व झोंप उशिरा लागणें हे नेहमींचे त्रास. उंचीच्या वाढींतहि किंचित् फरक पडूं शकतो, म्हणून वजन, उंची, नाडी व रक्तदाब यांची वेळोवेळीं नोंद ठेवावी लागते, आणि घराण्यांत हृदयविकार असल्यास तें प्रारंभींच डॉक्टरांना सांगावें लागतें. भारतांत तें चिठ्ठीवांचून मिळत नाहीं, आणि तसें तें मिळूंहि नये. परीक्षेच्या दिवसांत मित्राच्या गोळ्या आणून खाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं तें नाहीं. तसेंच औषधानें लक्ष सुधारलें म्हणून विकार सिद्ध झाला असाहि तर्क चुकीचा आहे. निरोगी मुलांतहि अशा औषधानें चंचलता कमी होते, हें १९७८ सालींच प्रयोगानें दिसून आलें आहे.

औषध द्यावें कीं संगोपनाची रीत बदलावी, या वादावर १९९९ सालीं प्रसिद्ध झालेला अमेरिकेंतील एक मोठा प्रयोग पुष्कळ प्रकाश टाकतो. ७ ते ९ वर्षांच्या ५७९ मुलांचे चार गट करून त्यांना चौदा महिने निरनिराळे उपचार देण्यांत आले. चंचलता व बेध्यानपणा कमी करण्यांत नीट देखरेखीखालीं दिलेलें औषध केवळ वर्तनोपचारापेक्षां सरस ठरलें. दोन्ही एकत्र दिलेल्या गटांत औषधाची मात्रा कमी लागली, आणि आईबाप व मूल यांचे संबंधहि सुधारले. परंतु त्याच मुलांना तीन वर्षांनीं पाहिलें तेव्हां गटागटांतील हें अंतर राहिलें नव्हतें. गोळी पाढे शिकवीत नाहीं; ती पाढे शिकण्याइतका वेळ मुलाला जागेवर ठेवते, आणि त्या वेळाचें काय करावयाचें हें घरानें व शाळेनें ठरवावयाचें असतें. चार-पांच वर्षांच्या मुलांत तर आधीं आईबापांनाच या रीती शिकवाव्या व औषधाचा विचार मागाहून करावा, असा अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा २०१९ सालचा सल्ला आहे. ब्राह्मी, शंखपुष्पी, स्मरणशक्तीचीं सरबतें यांवर कुटुंबांचा बराच पैसा खर्च होतो. त्यांनीं हा विकार हटतो असा भरंवशाचा पुरावा नाहीं.

उपचार न झाल्यास काय होतें? हाडें मोडणें, भाजणें, रस्त्यावरचे अपघात या मुलांत इतरांहून अधिक होतात; मोठेपणीं वाहन हातीं आल्यावर हा धोका वाढतो. शिक्षण अर्धवट सुटतें. याहून न दिसणारी हानि अशी कीं, सकाळपासून रात्रीपर्यंत ‘नको’, ‘थांब’, ‘पुन्हां केलेंस?’ एवढेंच ऐकत वाढलेलें मूल बाराव्या-तेराव्या वर्षीं स्वतःलाच वाईट समजूं लागतें, आणि मग तसें वागणें त्याला सोपें जातें. ज्यांना वेळेवर आधार मिळाला त्यांची धांवपळ वयाबरोबर कमी होते. विसराळूपणा व उतावळेपणा पुष्कळांत प्रौढपणींहि राहतो, परंतु नोंदवही, गजर आणि समंजस जोडीदार यांच्या साह्यानें त्यांचे संसार चालतात.

तज्ज्ञांच्या खोलींत एक प्रसंग वारंवार घडतो. डॉक्टर मुलाविषयीं प्रश्न विचारीत असतात : सांगितलेलें काम अर्धें टाकतो का, वस्तु हरवतो का, दुसऱ्याचें बोलणें तोडतो का. आई उत्तरें देत असते. आणि चौथ्या-पांचव्या प्रश्नाला शेजारीं बसलेले वडील एकाएकीं गप्प होतात. त्यांच्या स्वतःच्या शाळेंतील प्रगतिपुस्तकांवर हेच शेरे होते. आजीनें तर ‘अगदीं बापावर गेला आहे’ हें निदान कितीतरी वर्षांपूर्वीं करून ठेवलेलें असतें. विकार आनुवंशिक असल्यामुळें यांत आश्चर्य कांहींच नाहीं. डॉक्टरांना मात्र त्यामुळें आपला सल्ला थोडा बदलावा लागतो. ज्या घरांत वडिलांच्याहि किल्ल्या रोज हरवतात, तेथें दाराजवळची टोपली दोघांना पुरेल एवढी मोठी घ्यावी लागते, आणि आरशाशेजारचा कागद एक खालीं व एक वर, असे दोन लावावे लागतात.